नलिनी वाकचौरे सोशिक नव्हती

नलिनी गेल्याचं मला पोस्टकार्डानं कळलं. शेवगावच्या शाळेत मी आठवीच्या वर्गावर होते, फळ्यावर फुप्फुसाची आकृती अर्धी काढून झाली होती. शिपाई दारात येऊन उभा राहिला. त्याच्या हातातल्या कार्डाचा कोपरा फाडलेला दिसला आणि पुढचं वाचायची गरजच उरली नाही. तिच्या थोरल्या भावानं, शंकररावांनी, चार ओळी लिहिल्या होत्या. आमची नली मंगळवारी सकाळी पुण्याच्या दवाखान्यात वारली, शेवटपर्यंत शुद्धीवर होती, तुमची आठवण काढत होती, कळावे. कार्ड हातात पडलं तो शनिवार होता. म्हणजे मी चार दिवस तिला जिवंत समजून जेवत होते, वह्या तपासत होते, रविवारी तिला भेटायला जायचं म्हणून लाडवांचा डबा धुऊन ठेवत होते… मी आकृती पूर्ण केली, तास संपवला आणि मग शिक्षकांच्या खोलीत जाऊन बसले.

त्या दिवशी मला लिहावंसं वाटलं नाही. लिहायला बसवलं ते नंतरच्या एका बातमीनं. नगरच्या ज्या महाविद्यालयात ती रसायनशास्त्राची प्रयोगनिदर्शक होती, तिथं शोकसभा झाली आणि तिचा वृत्तांत पेपरात आला. ‘साध्या, शांत आणि सोशिक स्वभावाच्या कै. नलिनी वाकचौरे यांना श्रद्धांजली’. विभागप्रमुख म्हणाले म्हणे, की आमच्या प्रयोगशाळेनं त्यांना लेकीसारखं सांभाळलं. मी ती बातमी तीनदा वाचली. नलिनी साधी नव्हती, शांत तर मुळीच नव्हती, आणि सोशिक हा शब्द तिच्यासमोर उच्चारला असता तर उच्चारणाऱ्याची धडगत नव्हती. ज्यांनी तिला सोसायला लावलं, त्यांनीच तिला सोशिक म्हणावं! विभागप्रमुखांचं नाव मी इथं लिहीत नाही. भीतीपोटी नव्हे. त्यांचं नाव आजवर पुष्कळदा छापून आलेलं आहे. या लेखातली जागा तरी नलिनीची असू द्यावी.

आमची ओळख नगरलाच झाली. मी बी.एड. करत होते, ती नुकतीच नोकरीला लागली होती. दिल्ली गेटजवळ एका निवृत्त पोस्टमास्तरांच्या घराची मागची खोली आम्ही दोघींनी मिळून घेतली. ती अकोल्याच्या पुढची, भंडारदऱ्याच्या वाटेवरच्या एका भातशेतीच्या गावातली. गावातली पहिली एम.एस्सी. मुलगी, पण हे तिनं मला कधीच सांगितलं नाही, शंकररावांनी सांगितलं. पहिल्याच दिवशी तिनं खोलीतला कंदील, स्टोव्ह आणि माझी पुस्तकं यांच्या जागा बदलून टाकल्या आणि मी काही बोलणार तोच म्हणाली, “राग आला असेल तर आत्ताच भांडून घे, मला आठवडाभर फुगून बसलेली माणसं चालत नाहीत.” आम्ही भांडलो, आणि मग चार वर्षं एकत्र राहिलो. ती मोठ्यानं हसायची, मोठ्यानं बोलायची, आणि चूक दिसली की समोर कोण आहे हे न बघता बोट ठेवायची. विद्यार्थ्यांना तिचा धाक होता, पण आजारी मुलीच्या घरी जाऊन राहिलेलं प्रात्यक्षिक समजावून सांगणारीही तीच होती.

तिची थोरली बहीण पारूअक्का. आई लवकर गेल्यामुळं तिनंच नलिनीला वाढवलेलं. आमच्या एकत्र राहण्याच्या दुसऱ्या वर्षी अक्काच्या छातीत गाठ निघाली. ऑपरेशन झालं, पण काही महिन्यांनी पुन्हा गाठी दिसू लागल्या, आणि पुण्याच्या दवाखान्यात तिला कॅन्सरची इंजेक्शनं सुरू झाली. उन्हाळ्याची सुट्टी नलिनीनं अक्काच्या खाटेशेजारी काढली. मी एकदा भेटायला गेले होते. अक्काचे केस गेले होते, तोंड आतून इतकं सोललं होतं की पेजही गिळवत नव्हती. तरी बोलायची तिची खुमखुमी शाबूत होती. डॉक्टर फेरी आटोपून गेल्यावर ती नलिनीला म्हणाली, “नले, तू येवढी शिकली, मला येक सांग. गाठ हाय हितं, मुठीयेवढी. मंग औषध साऱ्या अंगाला कशापायी? वाफ्याच्या येका कोपऱ्याला तन आसलं तर आमी सारं वावर जाळतो का?”

नलिनीनं काहीतरी उत्तर दिलं, ते तिचं तिलाच पटलं नाही. परतताना एस.टी.त ती खिडकीबाहेर बघत बसली होती. नगर जवळ आल्यावर म्हणाली, “कुमुद, डॉक्टरांना मी हाच प्रश्न विचारला. ते म्हणाले, रक्तात गेलेलं औषध सगळीकडं जातंच. जातंच म्हणजे काय? कुणी अडवायचा प्रयत्न तरी केलाय का?”

अक्का त्याच वर्षी भाताची कापणी चालू असताना गेली. तिच्या पिशवीत औषधाची एक न फोडलेली कुपी राहिली होती. तळाशी चिमूटभर पिवळी भुकटी. नलिनीनं ती शंकररावांकडून मागून घेतली.

त्यानंतर तिनं जे सुरू केलं, ते मला शास्त्राच्या शिक्षिकेला जेवढं समजलं तेवढं सांगते. रविवारी पहाटेच्या गाडीनं ती पुण्याला जायची आणि एका ग्रंथालयात परदेशी नियतकालिकं चाळत दिवस काढायची. ती नियतकालिकं बोटीनं येत, त्यामुळं महिनोन्महिने जुनी असत. त्यांतल्या एका लेखात तिला हवं ते सापडलं. अंड्याच्या पिवळ्या बलकात एक स्निग्ध पदार्थ असतो. तो वेगळा काढून काचेच्या चंबूत सुकवला की काचेला आतून पातळ साय धरते. त्यावर पाणी घालून हलवलं की साय सुटते, आणि सुटताना आपोआप गोल मिटते, पाण्याचा इवलासा थेंब पोटात घेऊन. असे लक्षावधी फुगे, साध्या डोळ्यांना नुसतं दुधट पाणी दिसावं इतके बारीक. त्या पाण्यात औषध विरघळवलेलं असलं तर फुग्याच्या पोटात औषध. “म्हणजे औषधाची पुडी बांधायची,” ती मला सांगत होती. तिचे डोळे असे चमकत होते की स्टोव्हवरचं दूध उतू गेलेलं दोघींनाही कळलं नाही. “उघडी भुकटी रक्तात उधळायची नाही, पुडी बांधून पाठवायची. ती गाठीपर्यंत कशी न्यायची हे मला अजून माहीत नाही. आधी ती वाटेत सुटत नाही, एवढं दाखवू दे.”

यासाठी अंडी लागत, आणि पहिलं विघ्न आलं ते अंड्यांवरून. प्रयोगशाळेच्या टेबलावर अंड्यांची टोपली बघून विभागप्रमुख भडकले. “बाई, हे विद्यामंदिर आहे, खाणावळ नाही.” नलिनी म्हणाली, “सर, शेजारच्या खोलीत मुलं रोज बेडूक चिरतात.” त्यावर त्यांचं उत्तर, “ते अभ्यासक्रमात आहे!” दुसऱ्या दिवशी फलकावर सूचना लागली: प्रयोगशाळेत खाद्यपदार्थ आणू नयेत. मग नलिनी खोलीवर अंडी फोडायची, बलक स्टीलच्या डब्यात घालून सायकलवरून न्यायची, आणि मागं राहिलेल्या पांढऱ्याचं आमलेट आम्ही दोघी खायचो. सकाळ-संध्याकाळ, कित्येक महिने. आजही मला कुणी आमलेट विचारलं तर मी नको म्हणते.

दुसरं विघ्न दुष्काळाचं. त्या साली नगरला नळाला पाणी दिवसाआड, तेही करंगळीएवढं. प्रयोगशाळेतलं शुद्ध पाणी करायचं यंत्र बंद पडलं, आणि नळाच्या पाण्यानं तिचे फुगे धरत नव्हते. राहुरीला शेतकी प्रयोगशाळेत तिच्या ओळखीचे एक भले गृहस्थ होते. ते आठवड्याला एक मोठा काचेचा बुधला भरून द्यायचे. तो मांडीवर धरून ती एस.टी.नं यायची. एकदा कंडक्टरनं विचारलं, “बाई, काय हाय त्यात?” “पाणी.” “पानी आनायला राहुरीला गेल्ता व्हय?” “शुद्ध पाणी आहे. प्रयोगाला लागतं.” मागच्या बाकावरचे एक म्हातारे म्हणाले, “आमच्या गावाला गढूळसुदिक न्हाई, आन् बाटलीला शुद्ध!” सगळी गाडी हसली. नलिनी हसली नाही. खोलीवर येऊन मला म्हणाली, “त्यांचं काय चुकलं? मला लाज वाटली गं. पण तरी मी बुधला घट्ट धरून बसले.” पुढं कितीतरी दिवस ती स्वतःच्या वाटणीच्या अंघोळीचं पाणी पोस्टमास्तरांच्या शेजारच्या बाळंतिणीला देत होती. याबद्दलही ती कधी बोलली नाही. मीच सांगते, कारण शोकसभेत असलं काही कुणी सांगितलं नसणार.

एका रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला तिनं मला प्रयोगशाळेत नेलं. खिडकीजवळच्या टेबलावर दोन चंचुपात्रं होती, दोन्हीत स्वच्छ पाणी. तिच्या हातात सेलोफेनच्या दोन छोट्या पिशव्या होत्या, दोरीनं तोंड आवळलेल्या; विरघळलेलं औषध त्यांतून बाहेर झिरपतं, फुगे आतच अडकतात. एकीत अक्काच्या कुपीतलं औषध नुसतं विरघळवलेलं. दुसरीत तेच औषध, पण फुग्यांत बंद केलेलं. फुग्यांबाहेर राहिलेलं औषध तिनं आधीच्या दोन दिवसांत पाणी बदलून बदलून धुऊन टाकलं होतं. दोन्ही पिशव्या तिनं दोन पात्रांत सोडल्या आणि आम्ही स्टुलांवर बसून राहिलो. थोड्या वेळानं पहिल्या पात्रातल्या पाण्यात पिवळी झाक दिसू लागली. मग ती गडद होत गेली, लिंबाच्या सरबतासारखी. दुसऱ्या पात्रातलं पाणी तसंच, काचेसारखं. पिशवी मात्र आतून पिवळट दुधाळ.

“दिसतंय का तुला?” तिनं विचारलं.

“दिसतंय.”

“नीट बघ. मला दिसतंय म्हणून मला खोटं वाटतंय.”

मी पात्रामागं पांढरा कागद धरून बघितलं. पाणी स्वच्छच होतं. तिनं तोंडावर दोन्ही हात धरले आणि ती रडू लागली. आमच्या सगळ्या ओळखीत मी तिला दोनदाच रडताना पाहिलं, त्यातली ही एक वेळ. मग डोळे पुसून लगेच म्हणाली, “उद्यापर्यंत थोडं गळणार. ते मी लिहिणार आहे हं, लपवणार नाही.” दुसऱ्या दिवशी खरंच थोडं गळलं. पुढचे तीन महिने तिनं ती गळती कमी करण्यात घालवले. कोलेस्टेरॉल किती मिसळलं की कवच घट्ट होतं, किती जास्त झालं की बिघडतं, सगळं वहीत टिपलेलं आहे, तिच्या तिरप्या अक्षरात, मराठीत. ती वही माझ्याकडं आहे.

पुढचं सांगताना मला माझ्या शब्दांवर ताबा ठेवावा लागतो आहे. मुंबईला रसायनशास्त्राची एक परिषद भरणार होती. नलिनीनं निबंध लिहिला आणि रीतीप्रमाणं विभागप्रमुखांकडं दिला. ते म्हणाले, निदर्शकाच्या नावानं निबंध जात नाही, माझं नाव आधी राहील, तुमचं नंतर. ती कबूल झाली. तिला नावापेक्षा काम लोकांपुढं जाणं महत्त्वाचं वाटत होतं. मग कळलं, की परिषदेला फक्त तेच जाणार; त्या आठवड्यात प्रात्यक्षिक परीक्षा असल्यानं बाईंना रजा मिळणार नाही. तेही तिनं मान्य केलं. महिन्याभरानं परिषदेची छापील पुस्तिका आली. निबंधावर दोन नावं होती, विभागप्रमुखांचं आणि त्यांच्या मर्जीतल्या एका अध्यापकांचं, ज्यांनी त्या पात्राकडं ढुंकूनही बघितलं नव्हतं. सगळ्यात खाली, बारीक टायपात, तांत्रिक साहाय्याबद्दल आभार. कुणाचे? ‘मिसेस वाकचौरे’ यांचे.

“बघ,” पुस्तिका माझ्यापुढं टाकत नलिनी म्हणाली, “काम तर घेतलंच, वर माझं लग्नही लावून टाकलं.”

ती हसली, पण ओठ पांढरे पडले होते. तशीच उठली आणि महाविद्यालयात गेली. मी तिच्या मागोमाग गेले आणि विभागप्रमुखांच्या खोलीच्या दारात उभी राहिले. ते समजुतीच्या सुरात म्हणाले, “अहो बाई, नावाचं काय घेऊन बसलात? काम शेवटी महाविद्यालयाचं असतं.”

“मग महाविद्यालयाचं नाव छापायचं होतं, सर. तुमचं कशाला छापलंत?”

त्या खोलीत दोन अध्यापक बसलेले होते. दोघंही टेबलावरच्या कागदांत डोकं घालून बसले. एकानंही मान वर केली नाही. शोकसभेत त्यातल्या एकानं आभार मानले, असं बातमीत आहे.

दुसऱ्या दिवशी नलिनीकडून प्रयोगशाळेची किल्ली काढून घेण्यात आली. रविवारी आणि तासांनंतर काम बंद. कारण? शिस्त. याहून वाईट बातमी पुढं आली. त्या परिषदेला पुण्याचे एक वयस्कर प्राध्यापक हजर होते. त्यांनी पुस्तिकेतल्या आभाराच्या ओळीवरून चौकशी करून नलिनीचा पत्ता मिळवला आणि तिला पत्र लिहिलं. निबंध वाचून झाल्यावर त्यांनी विभागप्रमुखांना विचारलं होतं, गळती कशी थांबवलीत? उत्तर मिळालं, आमच्या प्रयोगशाळेत ती अडचणच आली नाही! गळती होतेच हे ठाऊक असलेलं सभागृह हसलं आणि निबंध तिथंच निकालात निघाला. मला आजही सगळ्यात जास्त चीड याची येते. चोरलं तर निदान वापरायचं होतं. पुढं न्यायचं होतं. त्यांना ते कळलंसुद्धा नाही. एका बाईनं दोन वर्षं खपून बांधलेली गोष्ट त्यांनी फक्त स्वतःच्या नावासाठी उचलली आणि पहिल्याच प्रश्नाला खाली टाकून दिली.

पुण्याच्या प्राध्यापकांनी पत्राच्या शेवटी लिहिलं होतं, ‘हे काम ज्यांनी केलं त्यांना माझ्या प्रयोगशाळेत एक टेबल रिकामं आहे.’ नलिनीनं त्या आठवड्यातच अर्ज केला. त्यासाठी महाविद्यालयाचं ना हरकत पत्र हवं होतं. ते ‘पुढच्या सत्रात बघू’ म्हणून अडवलं, आणि पुढच्या सत्रात पुन्हा ‘पुढच्या सत्रात’. असं वर्ष गेलं. तोवर मला शेवगावची नोकरी लागली होती. सुट्टीला मी नगरला जायची तेव्हा ती प्रत्येक वेळी त्या पत्राच्या भांडणाची नवी हकिकत सांगायची. एकदा सांगता सांगता थांबली. वेणी घालताना तिचा हात मानेपाशी अडकला होता.

“इथं हात लाव,” ती म्हणाली.

कानाखाली, गळ्याच्या हाडाच्या वर, सुपारीएवढी गाठ होती. हलत नव्हती. अर्धवट वेणी तशीच सोडून ती म्हणाली, “अक्काचा नाही. हा दुसरा प्रकार असणार.” तिचं बरोबर होतं. लसिका ग्रंथींचा कॅन्सर निघाला. आजार तिला कुणी दिला नाही, हे मला कळतं. त्याबद्दल मी कुणालाच दोष देत नाही. पण तिच्या हातात राहिलेलं एक वर्ष होतं, ते त्यांनी फाइलीत दाबून ठेवलं, त्याचा दोष मी देणार. ना हरकत पत्र तिला मिळालं. ती वॉर्डात दाखल झाल्यानंतर दोन आठवड्यांनी.

दवाखान्यात तिला काय औषध देतात हे तिला कुणी सांगायला तयार नव्हतं. डॉक्टर शंकररावांना बाजूला घेऊन सांगायचे. शंकरराव भला माणूस, चौथी शिकलेला. ते नाव ऐकायचे आणि विसरायचे. नलिनी एम.एस्सी., तिनं तसल्याच औषधाचे फुगे बांधलेले, आणि ती खाटेवर पडून विचारते आहे की बाटलीत काय आहे, तर तरुण डॉक्टर म्हणतात, “तुम्हाला काय करायचंय? तुम्ही आराम करा.” हे मी समोर उभं राहून ऐकलं आहे. तिसऱ्या इंजेक्शनाच्या वेळी सुई शिरेतून निसटली. ते औषध असं, की शिरेत गेलं तर औषध, बाहेर सांडलं तर मांस जाळणारं. नलिनी म्हणाली, आग होते आहे, थांबवा. डॉक्टर म्हणाले, थोडं सोसा. पुन्हा तोच शब्द! तिनं उजव्या हातानं स्वतः ती सुई उपसून काढली. तरी व्हायचं ते झालं. डाव्या हाताला कोपराखाली जखम झाली, ती शेवटपर्यंत भरली नाही. त्या दिवशी मी तिला दुसऱ्यांदा रडताना पाहिलं, आणि ते वेदनेनं नव्हतं. “मी ओरडून सांगत होते, कुमुद. मला माहीत होतं. माहीत असून काय उपयोग झाला?”

त्यानंतर तिनं वॉर्डात जो धुमाकूळ घातला, त्याला माझ्याजवळ दुसरा शब्द नाही. शेजारच्या खाटांवरच्या बायकांना ती समजावू लागली. तुमच्या शिरेत काय जातंय, तोंड कधी येईल, केस कधी जातील, कधी परत येतील, आणि सगळ्यात महत्त्वाचं, आग झाली तर गप्प बसायचं नाही. वॉर्डच्या गायकवाड सिस्टर राहुरीकडच्या. कामाला चोख, बोलायला कडक. त्या पहिल्यांदा नलिनीवर खेकसल्या, “बाई, तुमी पेशंट हाय का मास्तरीन?” “दोन्ही,” नलिनी म्हणाली. मग तिनं सिस्टरांना आपली जखम उघडून दाखवली आणि म्हणाली, “सिस्टर, आधी नुसतं मिठाचं पाणी सोडून बघायचं. शीर धरली आहे अशी खात्री झाली की मग औषध. दोन मिनिटं जास्त लागतात. माझा हात बघा आणि सांगा, दोन मिनिटं जास्त आहेत का?” जखमेची पट्टी सिस्टरांनी त्या दिवशी रोजच्याहून सावकाश बदलली.

मी तिला शेवटचं भेटले तेव्हा ती फार वाळली होती. आवाज बसला होता, राग नव्हता बसला. मी तिच्या पायाशी बसून डोळे पुसायला लागले, तर म्हणाली, “तू रडायला येत असशील तर येऊ नकोस. तुझ्याकडं माझी वही आहे ना? मग भांड. माझ्याऐवजी.” थोड्या वेळानं, डोळे मिटून, “मला मरायची भीती वाटते गं… आणि रागही येतो. दोन्ही एकदम. पण भीती वाटते हे शंकरदादाला सांगू नकोस.” मी आजवर सांगितलं नव्हतं. हे छापून आलं की शंकरराव वाचतील. वाचू देत. त्यांची बहीण मोठ्या धीराची होती, असं त्यांना सगळे सांगत असतील. ती घाबरलेली होती आणि तरीही दुसऱ्यांसाठी भांडत होती, हे त्यांना कळलेलं बरं.

शोकसभेची बातमी वाचल्यावर दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन नगरला गेले. विभागप्रमुखांनी मला ओळखलं, बसायला सांगितलं, चहा मागवला. मी म्हटलं, परिषदेच्या संयोजकांना एक दुरुस्तीचं पत्र लिहा, काम कुणाचं होतं एवढंच लिहा. ते म्हणाले, “गेलेल्या माणसाच्या नावानं वाद बरा दिसत नाही, बाई. त्यांच्या आत्म्याला काय वाटेल?” मी चहा तसाच ठेवून उठले. पत्र मीच लिहिलं, वहीतली महत्त्वाची पानं हातानं उतरवून सोबत जोडली, आणि संयोजकांना पाठवलं. उत्तर आलेलं नाही. येईपर्यंत मी दर महिन्याला पाठवणार आहे.

दुसरी प्रत मी पुण्याच्या त्या प्राध्यापकांना नेऊन दिली. त्यांनी माझ्यासमोर पहिली चार पानं वाचली, चष्मा काढला आणि पानं नीट जुळवून ठेवली. मग, त्या रिकाम्या टेबलावर आता एक मुलगी काम करते, तिला ही देतो, एवढंच म्हणाले. तिथून दवाखाना जवळ होता. जाण्याचं काही कारण नव्हतं. पाय गेले.

दुपारचे तीन वाजले असतील. नलिनीच्या खाटेवर शिरूरकडची एक नवी बाई होती, चाळिशीची, घाबरून उशी छातीशी धरून बसलेली. गायकवाड सिस्टर तिच्यासमोर स्टूल ओढून बसल्या होत्या. त्यांनी मला पाहिलं नाही. ट्रेमध्ये दोन सिरिंजा होत्या, एक मिठाच्या पाण्याची आणि एक औषधाची.

“आक्का, इकडं बघा,” त्या सांगत होत्या. “आधी हे नुसतं पानी सोडनार. शीर बराबर धरली का बघनार, मंगच औषध. औषधाचं नाव मी तुमाला लिहून देते, ते तुमच्याजवळ ठेवायचं. आन् हाताला जरा जरी आग झाली तरी वरडायचं. डाक्टर असू दे न्हाई तर आनिक कोनी, वरडायचं. सोसायचं न्हाई. कळलं?”

बाईनं मान हलवली. मग हळूच विचारलं, “तुमाला येवढं समदं डाक्टरनी शिकवलं व्हय?”

“न्हाई,” सिस्टर म्हणाल्या, आणि सुई हातात घेता घेता त्यांनी नाव सांगितलं, सावकाश, पूर्ण, शाळेत हजेरी घ्यावी तसं. “कुमारी नलिनी वाकचौरे. एम.एस्सी., केमिस्ट्री.”